ताकातलं चिकन

मोशी
२६ मार्च

ओंकार,

आशीर्वाद लिहायला हात उठत न्हाई, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. फोन मी मुद्दामच केला न्हाई. माझं तोंड सुरू झालं की "आई, मीटिंगमधे हाय" म्हणून तू मधेच तोडतोस. कागदाला तसं करता येत न्हाई. फाडायचा तर फाड, पण श्रद्धा तुमच्या फ्लॅटवर घेऊन येईल, तिला सांगून ठेवलंय, आधी तुझ्या म्होरं बसून मोठ्यानं वाचायचा आणि मगच तुझ्या हातात द्यायचा. सून माझी शब्दाची पक्की हाय. तुझ्यासारखी न्हाई.

मी जयमालाच्या बाळंतपणाला तळेगावला गेले, तेवढीच संधी साधलीस व्हय रं? लेकीचं बाळ न्हाऊमाखू घालून मी हसतखेळत माघारी येते, रिक्षातनं उतरते, आणि बगते तर आपल्या हॉटेलावर ही भली थोरली पाटी! "माउली फॅमिली रेस्टॉरंट." वर तुझा हात जोडलेला फोटो, आणि त्याच्याखाली तळलेल्या तंगडीचं चित्र. अरे गाढवा, माउलीच्या नावानं कोंबडी तळतोस? आळंदी इथनं हाकेवर हाय. लाज न्हाई तर न्हाई, निदान भीती तरी बाळगायची. रिक्षावाला पण हसला. म्हणला, "मावशी, हितं जहीरभाईचं चिकन मिळायचं ना?"

मिळायचं. तेच तर इचारतेय तुला. जहीरचं नाव कुठं हाय?

ती जुनी पाटी मी गोठ्यामागं शोधून काढली. शेणाच्या ढिगाला टेकवून ठेवली होतीस. "जहीर चिकन, पिठलं-भाकरी." अक्षरं तुझ्या बापानं स्वतः रंगवलेली. तो गेला त्याला वर्षं झाली, पण त्याचा हात तरी ओळखायचास.

तुला सगळं ठावं हाय, तरी सांगते, कारण तू इसरल्याचं सोंग घेतलंयस. जहीर हा आपल्या गावचा मुलाणी. त्याच्या बापानं, आज्यानं आपल्या घरच्या बोकडावर सुरी चालवली, तवा कुठं आपल्या देवाला निवद पोचला. हा पोरगा पोटासाठी कुवेतला गेला, अमेरिकन पलटणीच्या भटारखान्यात भांडी घासली. तिथं एक काळा आचारी होता, अमेरिकेतल्या दक्षिणेकडचा, अलाबामा का काय म्हणतात तिथला. त्यानं जहीरला शिकवलं, कोंबडी आदल्या दिवशी ताकात बुडवून ठेवायची, मग पिठात घोळवून तळायची. वर कुरकुरीत, आत लोण्यासारखी. माघारी आल्यावर जहीर आपल्या ओट्यावर बसला आणि म्हणला, "वैनी, तिकडं हे गरिबाचं खाणं हाय. ताक तुमच्याकडं हाय, कोंबडी मी आणतो." तुझा बाप म्हणला, "वावर रोडला लागलंय, टाक टपरी." झालं. एवढंच बोलणं झालं. ताक माझ्या म्हशींचं, हात त्याचा, भाकरी माझी. कंपन्यांतली पोरं शिफ्ट सुटली की रांग लावायची. लातूरचं पोर, बिहारचं पोर, सगळी एका बाकावर. मक्याची भाकरी मोडून त्या चिकनबरोबर खाताना एकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणला आईची सय आली. ते हॉटेल तू काढून घेतलंस, आणि ते पण रोज्याच्या महिन्यात.

रोज्यात जहीरला मीठ चाखता येत न्हाई. इतकी वर्षं रमजानात मीठ मी चाखायची आणि बोटानं खूण करायची, जरा वाढव, बास झालं. ह्या वर्षी मी तळेगावला, आणि तू त्याला उपाशीपोटी हाकललंस.

तो काल चावी द्यायला आला होता. बसला न्हाई. "वैनी, कढई घासून उपडी घातलीया," एवढंच म्हणला. मी इचारलं, काय झालं रं? तर म्हणं, "ओंकारला इचारा."

तर इचारते. सांग.

आई

ता.क. ठेचा श्रद्धासाठी दिलाय. तू हात लावू नकोस.


मोशी
७ एप्रिल

ओंकार,

तुझा निरोप श्रद्धाच्या मोबाइलवर ऐकला. दोनदा ऐकला, पहिल्यांदा माझाच इश्वास बसला न्हाई म्हणून. "आई, तुला राजकारण कळत न्हाई. नगरसेवकाचं तिकीट मागतोय. लोक म्हणतात, याच्या जागेवर याचं नाव न्हाई, मुलाण्याचं नाव हाय. जहीरकाकांनी आत काम करावं, माझी हरकत न्हाई. फक्त नाव नको. निवडणुकीपुरतं."

वा रं शहाण्या. हरकत न्हाई म्हणं! ज्याच्या हाताला चव, त्यानं आत धुरात बसायचं, आणि बाहेर तुझा दात काढलेला फोटो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आणि ते लोक कोण रं? नाव सांग एकाचं. हितं रांगेत उभं राहून कुणी मला म्हणलं न्हाई की नाव बदला. सगळे एकच म्हणायचे, मावशी, अजून एक पीस.

तू ठेवलेला नवा आचारी बगितला. टोपी डोक्याला, पण अक्कल टोपीखाली न्हाई. ताकाऐवजी पिशवीतलं दही घालतो आणि वर रंग टाकतो. मी म्हणलं, बाबा, कोंबडी ताकात रात्रभर भिजली पायजे. तर म्हणतो, "आंटी, सर बोले हैं फास्ट होना चाहिए." सर म्हणजे तू. परवा कंपनीतल्या पोरांनी ताटं तशीच माघारी दिली. एकानं मला गाठून हळूच इचारलं, "मावशी, भाई आजारी हायेत का?" काय सांगू मी त्याला? माझा पोरगा आजारी हाय म्हणून सांगू?

ताक मी बंद केलंय. म्हशी माझ्या हायेत. माउलीच्या कोंबडीला माझं ताक मिळणार न्हाई.

ह्या वर्षी ईदला जहीरच्या बायकोचा, सलिमाचा शीरखुर्म्याचा डबा आला न्हाई. लग्न होऊन ती ह्या गावात आल्यापासून एक ईद चुकली न्हाई. तुझा बाप दवाखान्यात होता त्या वर्षी पण दवाखान्यात डबा आला होता, नर्सबाईनं पण खाल्ला. ह्या वर्षी मी सकाळपासून दाराकडं बगत बसले न्हाई, मला लई कामं होती. पण आला न्हाई. मागनं शेजारच्या गोजाबाईकडनं कळलं, दोघं घराला कुलूप लावून दापोडीला सादिकाकडं गेले. लेकीच्या दारात. ह्या वयात.

तू म्हणशील, आईला दुसऱ्यांचा लई कळवळा. व्हय, हाय. आणि तुझाच राग हाय. जहीरनं दुसऱ्याकडं काम धरलं असतं तर मी म्हणलं असतं, चला, गेला. पण तू काम न्हाई, नाव काढलंस. आपल्यात माणसाचं नाव कधी काढतात, ठावं हाय ना? मेल्यावर.

अक्षर वाकडं आलंय त्याच्याकडं लक्ष देऊ नको. जरा कढईजवळ गेले होते. म्हणलं, बगू तर आपल्याला जमतं का, पोरं उपाशी जातात. जमलं न्हाई. हात बरा हाय, श्रद्धानं वाचून काळजी करायची न्हाई.

पुढच्या रविवारच्या पुढल्या रविवारी म्हसोबा हाय. घरधनी तू. येशील तवा तोंड घेऊन ये, फोटो नको.

आई


मोशी
२२ एप्रिल

ओंकार,

सगळ्या भावकीत नाक कापलंस. मुडदा बशिवला तुझ्या राजकारणाचा!

लिहिते ते नीट वाच. आपला म्हसोबा बांधावरचा. नुसता शेंदूर लावलेला दगड, पण भावकी वर्षातनं एकदा त्याच्यापुढं जमते. घरधन्यानं सुरीवर पाणी घालायचं, सुरी मुलाण्याच्या हातात द्यायची, मुलाण्यानं बिस्मिल्ला म्हणून बोकड करायचा. मगच निवद, मगच पंगत. तुझ्या बापानं हेच केलं, त्याच्या बापानं हेच केलं. त्याशिवाय त्या मटणाला आपल्यात कुणी शिवत न्हाई. हे तू लहानपणापासून बगतोयस. पुढं पुढं करून मुंडीसाठी भांडायचास, ती मुंडी पण मुलाण्याची असते हे तुला जहीरनंच हसत शिकवलं होतं.

आणि तू काय केलंस? मी बायकांत मसाला वाटत बसलेली. तू तुझ्या त्या पांढऱ्या कपड्यांतल्या दोस्ताबरोबर गाडी आणलीस, बरोबर एक माणूस, आणि आमी बांधावर पोचायच्या आत बोकड करून मोकळा. मला वाटलं, जहीर आला असंल. वाटलं, चला, पोराला अक्कल आली. मी तर ताट वाढताना त्याला हाका मारत होते.

मग चिमाजीकाका पानावर बसले. पंचाऐंशीचा म्हातारा, गळ्यात माळ न्हाई पण देवाच्या रीतीला सगळ्या भावकीत पक्का. पहिला घास उचलला आणि इचारलं, "जहीर दिसंना कुठं. सुरी कुणाची व्हती?"

तू काय म्हणालास ते आठवतंय ना? का लिहून देऊ? "काका, आता ते लागत न्हाई. देव आपला हाय."

चिमाजीकाकांनी घास परत पानात ठेवला. "देव आपलाच हाय रं. पर रीत त्याची हाय, तुझी न्हाई." आणि उठले. त्यांच्यामागं सगळी पंगत उठली. आख्खी भावकी! तुझे पांढरे कपडेवाले तेवढे खात बसले, त्यांना काय कळतंय. ते अख्खं पातेलं तसंच राहिलं, ओंकार. आमी बायकांनी पळत पळत पिठलं टाकलं, पिठल्यावर म्हसोबाची पंगत झाली. असं आपल्या घरात कधी झालं न्हाई. धाकल्या जावेनं मला तोंडावर इचारलं, "वैनी, आता वर्ष कसं जायाचं?" मी तिला पानं वाढायला पाठवली. 

मग तू सगळ्यांपुढं म्हणालास, की तू जहीरला बोलावलं होतं, तोच आला न्हाई. "फोन केला होता, त्यांनीच नकार दिला." तेवढं मी खरं मानलं. खरं सांगते, जहीरचा पण राग आला. भांडण पोराशी, मग म्हसोबावर का काढतो? इतक्या वर्षांचा माणूस, एका दिवसापुरतं यायला काय झालं होतं? मी जाऊन त्याला इचारणार हाय. त्याला पण सोडणार न्हाई.

चिमाजीकाकांनी ठरवलंय, म्हसोबाचं परत करायचं. ह्या वेळी मुलाण्याला घरधन्यानं स्वतः बोलवायचं.

आई


मोशी
२ मे

ओंकार,

तू खोटं बोललास.

राजकारणात खोटं बोलतात, मला ठावं हाय. पाटीवर खोटं लिहितात, फोटोत खोटं हसतात. पण तू म्हसोबाच्या पुढं, पानावर बसलेल्या भावकीपुढं, तुझ्या आईपुढं खोटं बोललास. आणि मी ते खरं मानून जहीरला शिव्या द्यायला दापोडीला गेले. बसनं गेले, तू गाडी देतो म्हणालास तरी.

सादिकाचं घर रेल्वेलाइनला लागून हाय. खाली तिच्या नवऱ्याचं, अजिमचं गॅरेज. जहीर तिथं बाकड्यावर बसून त्याला पाने उचलून देत होता. ज्या हातानं अख्ख्या चाकणच्या शिफ्टी जेवल्या, तो हात पाने देत होता. मला बगून उठला. मी बसायच्या आधीच तोंड सोडलं, "काय रं, म्हसोबाला यायला काय धाड भरली होती?"

त्यानं बाकडं पुढं सारलं. वरनं सलिमा आली. तिला तू कधी रागावलेली बगितलं न्हाईस. मी पण न्हाई. ती म्हणली, "वैनी, पाणी देते. चहा देत न्हाई." आणि खरंच पाण्याचा तांब्या आणून पुढ्यात ठेवला. मग बोलली. म्हसोबाच्या दिवशी ह्यांनी सकाळी आंघोळ केली, पांढरा झब्बा घातला, सुरीला धार लावली, फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. चपला घातल्या. तेवढ्यात तुझा फोन. "काका, ह्या वर्षी येऊ नका. तुमचं काम न्हाई." मग हे चपला घालूनच बसून राहिले, म्हणली. दुपार झाली तरी चपला काढल्या न्हाईत. सादिका जेवायला बोलवत होती.

सलिमा म्हणली, "वैनी, हॉटेलातनं काढलं तवा मी म्हणलं, जाऊ द्या, पोराची जागा हाय. पण म्हसोबा? म्हसोबा तुमच्या पोराचा व्हय?"

तू माझी काय इज्जत ठेवलीस, सांग बरं? मी भांडायला गेले होते, आणि मान खाली घालून पाणी प्याले.

जहीरला मी सांगितलं, चिमाजीकाकांनी परत करायचं ठरवलंय, तू यायला पायजे. त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणला, "म्हसोबाला येईन वैनी. तो गावचा हाय, मी गावचा हाय. हॉटेलात मात्र न्हाई." मी म्हणलं, का न्हाई? ताक लावलंय बग, उद्यापासनं ये, मी बोलावते. तर म्हणला, "तुमी न्हाई. ज्या घरानं नको म्हणलं, त्या घराच्या धन्यानं या म्हणलं पायजे." बरोबर बोलला. मला राग आला तरी बरोबर बोलला.

तर आता ऐक. ह्यात तुझ्या पक्षाचा काय संबंध न्हाई आणि माझ्या मायेचा पण न्हाई. म्हसोबाला ये. सुरीवर पाणी घाल, जहीरच्या हातात दे, आणि त्याला सगळ्यांपुढं दोन शब्द बोल, काका, हॉटेलात परत या. दोन शब्द! तुझ्या भाषणात त्याच्यापेक्षा जास्त शब्द नुसते "बंधू आणि भगिनींनो" करण्यात जातात. तेवढं केलंस तर तुझी पाटी, तुझा फोटो, तुझं तिकीट, माझं काय म्हणणं न्हाई. माउलीचं नाव तेवढं काढ.

न्हाई केलंस तर मला इचारायला येऊ नकोस की आई असं का वागली.

आई

ता.क. श्रद्धा म्हणली तू जेवत न्हाईस नीट. थेर करू नकोस. भाकरी बांधून दिलीय, दोघं खा.


मोशी
१९ मे

ओंकार,

हॉटेल उद्या उघडतंय. "जहीर चिकन" ची पाटी मी आणि गोजाबाईनं घासून धुतली, वर लावली. शेणाचे डाग गेले न्हाईत, राहू देत. तुझ्या माउलीच्या पाटीचा पत्रा चांगला जाड निघाला. गोठ्यावर टाकलाय, फोटोची बाजू खाली करून. तिथं गळत होतं.

तुझा आचारी हिशेब घेऊन गेला. जाताना म्हणला, "आंटी, वो छाछवाला सिखाओ ना." मी म्हणलं, ये की, शिकायला कोण नको म्हणतंय. तुला पण कधी कोण नको म्हणलं न्हाई.

काल जे झालं ते तू तुझ्या डोळ्यांनी बगितलंस. पण तू लांब उभा होतास, गाडीजवळ, म्हणून जवळनं कसं दिसलं ते सांगते.

जहीर पांढरा झब्बा घालून आला. भावकीतल्या सगळ्यांना रामराम केला. सलिमा बायकांत येऊन बसली, माझ्याकडं बगितलं न्हाई, पण माझ्या शेजारी बसली. तू आलास तवा माझा जीव भांड्यात पडला. मी धाकल्या जावेला म्हणलं पण, "बग, आला माझा ओंकार." मग तुझ्यामागं ती पांढऱ्या कपड्यांतली दोन टाळकी गाडीतनं उतरली आणि मोबाइल काढून उभी राहिली. तवाच मला कळलं, आता काय होणार ते.

चिमाजीकाकांनी हाक मारली, "ओंकार, ये बाबा. पाणी घाल." तू त्या मोबाइलांकडं बगितलंस. मग म्हणालास, "काका, तुमीच द्या ना." चिमाजीकाका म्हणले, "मी माझ्या घरचा धनी हाय. तुझ्या घरचा न्हाई." तरी तू हलला न्हाईस.

आणि जहीर हात पुढं करून उभा. सगळी भावकी बगतेय, बोकड ओरडतोय, आणि तो माणूस रिकामा हात पुढं करून उभा. कुणासाठी? आपल्यासाठी. आपल्या देवासाठी. तुझ्या जिवाला काय झालं न्हाई? फोटो निघंल म्हणून? निघू दे की! मुलाण्याच्या हातात सुरी देतानाचा तुझ्या आज्याचा फोटो असता तर मी देव्हाऱ्यात लावला असता.

मी उठले. तुझा चुलता मधे आला. "वैनी, बाईमाणसानं कसं... आणि तुमी तर..." आणि थांबला. मी म्हणलं, तर काय? बोल, पुढं बोल. मी इधवा हाय, म्हणायचं ना? मग जो बाईमाणूस न्हाई आणि इधवा पण न्हाई, तो तिकडं गाडीजवळ उभा हाय, त्याला घेऊन ये. तो बाजूला झाला. मी सुरीवर पाणी घातलं, जहीरच्या हातात दिली. त्यानं बिस्मिल्ला म्हणलं. चिमाजीकाकांनी डोळे मिटून घेतले आणि मोठ्यानं म्हणले, "सुरी दिली त्याचं घर."

ऐकलंस ना? लांब होतास, पण म्हाताऱ्याचा आवाज अजून खणखणीत हाय. आता भावकीत पान माझ्या नावानं मांडणार, लग्नाची पत्रिका माझ्या नावानं येणार. वावरात, हॉटेलात, म्हसोबाला काय करायचं ते मी ठरवणार. हे कुठं लिहिलेलं न्हाई, कुठल्या कोर्टात चालणार न्हाई, पण मोशीत चालतं. तुला नगरसेवक व्हायचंय ना? खुशाल हो. घरधनी मातर तू न्हाईस.

पंगत बसली. सगळे जेवले, चिमाजीकाकांनी दोनदा वाढून घेतलं. हात धुताना मी जहीरला म्हणलं, "आता घरधनी बोलावतोय. येतोस का?" तो पंच्याला हात पुसत म्हणला, "वैनी, त्या पोरानं कढईचं काय करून ठेवलंय ते आधी बगतो." आणि सरळ हॉटेलाकडं चालायला लागला. सलिमा मागनं ओरडली, जेवण तर पुरं करा. रात्री कोंबडी ताकात पडली. मीठ मी चाखलं.

एवढं सगळं लिहून झालं, राग कमी झाला न्हाई. होणार पण न्हाई. श्रद्धाला सांगितलंय, हे पान तिनं मोठ्यानं वाचायचं न्हाई, तुझं तू वाच.

मी उठले तवा लोटा भरलेलाच होता, चिमाजीकाकांच्या पुढ्यात. मी तो ओतून दिला आणि परत हंड्याशी जाऊन भरला. पदर खोचलेला होता, तो सोडला आणि परत खोचला. बांधावरनं म्हसोबापर्यंत कितीसं अंतर, पण मी सावकाश चालले. सगळ्यांना वाटलं, म्हातारीचे गुडघे. गुडघ्याला काय झालं न्हाई. मी तुला येळ देत होते, ओंकार. म्हणलं, येईल. आता येईल. मला बाजूला सारंल आणि म्हणंल, आई, दे इकडं. मग गाडीचं दार वाजलं. मी मागं वळून बगितलं न्हाई, मला वाटलं, आलास.

तू आत बसला होतास.

मंजुळा